सभासद ६४, फायरिंग लाइनवर ७

नमस्कार ताई,

आमच्या तालुक्याच्या गावी रायफल-पिस्तूल क्लब आहे. दहा मीटरची रेंज, सहा लेन, कागदी टार्गेट, हाताने फिरवायच्या पुली. मी नऊ वर्षं सचिव आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठला मासिक मॅच असते, साठ शॉटची, अगदी नियमाप्रमाणे. क्लबच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या दोन पीप साइट रायफली (बारीक भोकातून नेम धरायच्या), एक ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायची) आणि दोन पिस्तुलं आहेत. सभासद ६४. पाच वर्षांपूर्वी मॅचला सोळा-सतरा जण असायचे. गेल्या महिन्यात ७ आले, त्यातले ४ कार्यकारिणीचे. ज्यांच्याकडे स्वतःची बंदूक आहे तेवढेच तोंड दाखवतात. महिला सभासद नऊ आहेत, वर्षभरात एकही मॅचला आलेली नाही. ग्रुपवर आठ दिवस आधीपासून मेसेज टाकतो, अंगठा दाखवणारे पंधरा-वीस, येणारे सात. निकाल त्याच रात्री फलकावर लावतो, ग्रुपवरही टाकतो, त्यात कधी कुचराई केली नाही. आता कार्यकारिणीत ठराव मांडायचं मनात आहे. सलग तीन मॅच चुकवल्या तर पाचशे रुपये दंड, सहा चुकवल्या तर सभासदत्व रद्द. पहाटे पाचला उठून रेंज झाडतो मी. कोणासाठी झाडतो, असं वाटायला लागलंय. ठराव मांडू का?

– एक सचिव, सातारा जिल्हा

सचिवसाहेब, नमस्कार.

ठराव मांडू नका. निदान या वर्षी तरी नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहाटेच्या झाडण्याशी थांबले, कारण अकरा वर्षं तेच काम मी केलंय. आमचंही जिल्ह्याच्या ठिकाणचं छोटंसं क्लब होतं. टार्गेटच्या मागच्या पेटीतले चपटे झालेले छर्रे सुपात गोळा करायचे, कार्डांचे गठ्ठे मोजून ठेवायचे, आठला दार उघडून बसायचं आणि साडेनऊपर्यंत रस्त्याकडे बघत राहायचं. त्या रस्त्याकडे बघण्यात किती राग साठतो ते मला माहीत आहे. तुमचा ठराव त्या रागातून आलाय आणि तो राग खोटा नाही. पण दंडाने माणूस येत नाही. पाचशे रुपये टाकले की न यायची मोकळीक विकत मिळते, आणि सभासदत्व रद्द केलंत तर ६४ चे २० होतील, रविवारी येतील ते सातच.

तेव्हा आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघू. तुमच्याच पत्रातले आकडे घेऊन बसू.

लेन सहा. मॅच साठ शॉटची. नियमाप्रमाणे कागदी टार्गेटवर साठ शॉटला दीड तास मिळतो, त्याआधी तयारी आणि साइटिंगची, म्हणजे नेम जुळवून घ्यायची, पंधरा मिनिटं. एक डिटेल, म्हणजे एका वेळी लाइनवर उभी राहणारी तुकडी, उतरून दुसरं उभं राहीपर्यंत आणखी पंधरा धरा. म्हणजे एका डिटेलला दोन तास. सोळा-सतरा जण यायचे तेव्हा तीन डिटेल होत होती, आठला सुरू केलेली मॅच दोनला संपत होती. तिसऱ्या डिटेलचा माणूस बारा वाजता लाइनवर उभा राहत होता. तुमच्याकडे रेंजला पत्रा असेल तर एप्रिल-मेमध्ये बारा वाजता त्या पत्र्याखाली जाड जॅकेट घालून, पाच किलोची रायफल उचलून साठ शॉट मारायचे म्हणजे काय, ते तुम्ही जाणता. आणि उद्या तुमचे सगळे ६४ सभासद तुमच्या शब्दाला मान देऊन हजर झाले तर? अकरा डिटेल. बावीस तास. सोमवारी सकाळी सहाला मॅच संपेल.

म्हणजे ही मॅच सगळ्यांनी येण्यासाठी आखलेलीच नाही. तुम्ही ज्यांना बोलावताय त्यांना उभं राहायला जागा नाही, आणि हे त्यांना तुमच्या आधी कळलंय.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे या. ‘ज्यांच्याकडे स्वतःची बंदूक आहे तेवढेच तोंड दाखवतात.’ तुम्ही हे तक्रार म्हणून लिहिलंत. मला त्यात कारण दिसलं. क्लबच्या बंदुका पाच, ओपन साइट सोडली तर मॅचच्या कामाच्या चार. ज्याच्याकडे स्वतःची बंदूक नाही त्याने रविवारी सकाळी अंघोळ करून निघायचं ते कशाच्या भरवशावर? त्याची रायफल कोणाच्या हातात असेल, किती वाजता मोकळी होईल, मोकळी झाली तरी आधीच्या माणसाने बट प्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) कुठे सरकवली असेल, साइट किती क्लिक फिरवली असेल, काहीच सांगता येत नाही. माझ्यापेक्षा सहा इंच उंच मुलाने वापरलेली रायफल मी कितीदा तरी हातात घेतली आहे. साइटिंगची सगळी पंधरा मिनिटं ती आपल्या खांद्याला लावून घेण्यात जातात, पहिल्या सिरीजमध्ये, म्हणजे पहिल्या दहा शॉटमध्ये, ग्रुप (भोकांचा झुबका) डावीकडे खाली पडत राहतो, आणि शेवटी फलकावर आपल्या नावासमोर जो आकडा लागतो तो त्या गोंधळाचा असतो.

यावर इलाज साधा आहे. प्रत्येक बंदुकीला दोरीने एक वही बांधा. वहीत एकेका सभासदाचं पान. बट प्लेट कितव्या खुणेवर, गालाची पट्टी किती वर, साइट मधल्या खुणेपासून किती क्लिक. आमच्याकडे ही वही आली तेव्हा बंदूक बदलायला पंधराच्या जागी चार मिनिटं लागायला लागली. पानांच्या कडा तेलकट होऊन काळ्या पडल्या होत्या, पण कोणाचं पान शोधायला वेळ लागत नव्हता. आणि गुरुवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर एकच कागद टाका: कोण, कितव्या डिटेलला, कोणत्या लेनवर, कोणत्या बंदुकीने. ज्याला नऊला बंदूक मिळणार हे ठाऊक आहे तो पावणेनऊला दारात असतो. ‘सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे’ हा मेसेज सगळ्यांना असतो, म्हणून तो कोणालाच नसतो.

बंदुकांवरून आठवलं. तुमच्या नऊ महिला सभासदांपैकी, आणि पुरुषांपैकीही, डावखुरे किती आहेत? मला वाटतं तुम्ही मोजले नसतील, मीही मोजले नव्हते. आमच्याकडे नर्सिंगला शिकणारी एक मुलगी यायची. चार महिने सरावाला आली, मॅचला मात्र कधी नाव दिलं नाही. विचारलं की हसून ‘अजून तयारी नाही’ म्हणायची. एक दिवस तिचा तळहात दिसला. अंगठ्याच्या बुडाशी लाल वळ उठला होता. पिस्तुलाची मॅचची ग्रिप, म्हणजे मूठ, हाताच्या आकाराने कोरलेली असते, अंगठा टेकवायची खाच एकाच बाजूला. आमची पिस्तुलं दोन्ही उजवी होती आणि ती मुलगी डावरी. चार महिने ती उलट्या ग्रिपला हात जुळवत होती आणि बोलत नव्हती, कारण क्लबची वस्तू, आपण नवीन, कसं बोलायचं. मग आमच्या गल्लीतल्या सुतारमामांनी सागाच्या तुकड्यातून डावी ग्रिप उतरवून दिली, खाचेत पुट्टी भरून तिच्याच हाताचा ठसा घेतला. पुढच्या मॅचला ती पहिल्या डिटेलला उभी होती.

महिलांचं आणखी एक विचारते, रागावू नका. रेंजवर आतून कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का? जॅकेट-पँट बदलायला आडोसा आहे का? दोन वाजता मॅच संपल्यावर गावाबाहेरच्या रस्त्याने परत जायला रिक्षा मिळते का? हे तीन प्रश्न नऊ जणींपैकी एकीला विचारा, बाकीच्या आठ जणींचं उत्तर त्यातच मिळेल. आपल्या भागातल्या मुलींना नेमबाजीची आवड नाही, असं तर कोणी म्हणू शकत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २००६ साली मेलबर्नला राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं जिंकलं, तिच्याच शाळेतली राही सरनोबत ते बघून रेंजवर आली आणि २०१८ साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण जिंकून परतली. तेजस्विनी त्याआधीच, २०१० साली, म्युनिकला जागतिक विजेती झाली होती. सातारा तिथून काही लांब नाही.

आता फलकाविषयी. हे लिहायला मला जड जातंय, पण तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं तर हे सांगितल्याशिवाय भागणार नाही.

तुमच्यासारखीच मीही निकाल त्याच रात्री लावायची. टाइप करून, वरपासून खालपर्यंत, पहिला ते शेवटचा. त्यात मला फार अभिमान होता, आपला कारभार चोख आहे म्हणून. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. साठीनंतर त्यांनी पिस्तूल घेतलं होतं, पेन्शनमधून साठवून. सहाशेपैकी चारशे दहा, चारशे पंधरा असा त्यांचा स्कोअर. दर महिन्याला यायचे, दर महिन्याला शेवटून पहिले किंवा दुसरे. फलकाशी शाळेतली पोरं गोळा व्हायची आणि वाचायला सुरुवात खालून करायची. ज्यांना त्यांनी कधीकाळी गणित शिकवलं त्यांचीच मुलं होती ती. गुरुजी कडेला उभे राहून चष्मा पुसत असायचे.

मग ते यायचे थांबले. मंडईत भेटले तर म्हणाले, बाई, रविवारी पाहुणे असतात हो. मी मान डोलावली आणि क्लबात येऊन सांगितलं, गुरुजींची आवड संपली. दीड वर्षाने त्यांच्या घरी काही निमित्ताने जाणं झालं. बैठकीच्या खोलीत चुन्याच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला रुपयाएवढा काळा कागद चिकटवलेला होता. समोर फरशीवर खडूची रेघ, पाय ठेवायच्या जागा पुसट झालेल्या. दाराशेजारच्या दिनदर्शिकेवर रोजच्या चौकोनात पेन्सिलने बारीक आकडा, २०, २५, २०, ३०. रोज तेवढे ड्राय, म्हणजे छर्रा न भरता, मारत होते ते, दीड वर्ष, एकही दिवस न चुकवता. मी विचारलं, गुरुजी, मग मॅचला का येत नाही? ते म्हणाले, बाई, मला माझा आकडा बघायला आवडतं, सगळ्यांनी बघितलेला आवडत नाही.

सचिवसाहेब, तुमच्या ६४ मध्ये असे किती आहेत, एकदा विचार करा. मॅच म्हणजे चाळिशी-पन्नाशीच्या माणसाने आठवडाभर दुकान, शाळा, शेत सांभाळून रविवारी चारचौघांत उभं राहायचं आणि आपण किती कच्चे आहोत ते कागदावर भोकं पाडून दाखवायचं. नेमबाजीत लपायला जागा नसते. क्रिकेटमध्ये अकरा जणांत एखाद्याचा खराब दिवस झाकून जातो, इथे कार्ड बोलतं. अशा माणसाला परत बोलवायचं तर त्याच्यासाठी त्या दिवसात काहीतरी असलं पाहिजे. आज तुमच्या मॅचमध्ये वरच्या चौघांसाठी सगळं आहे आणि बाकीच्यांसाठी वाट बघणं आहे.

मी तुमच्या जागी असते तर मासिक मॅच वीस शॉटची केली असती. साइटिंगला पाच मिनिटं, मॅचला तीस, बदलायला दहा. पाऊण तासाचं डिटेल, आठ ते अकरा चार डिटेल, चोवीस जण. ज्याचं डिटेल पावणेनऊला आहे त्याने साडेआठला यावं, साडेनऊला मोकळं व्हावं. घरी जाऊन मटणाची पिशवी आणायलाही वेळ उरतो, आणि रविवारी आपल्याकडे ही काही लहान गोष्ट नाही. तुम्ही म्हणाल, वीस शॉटने काय तयारी होणार? खरं आहे. ज्या मुलामुलींची नजर जिल्हा, राज्य आणि पुढे मावळणकर स्पर्धेकडे आहे त्यांना साठ शॉटची सवय हवीच. (ज्यांच्या नावाने ती स्पर्धा भरते ते दादासाहेब मावळणकर लोकसभेचे पहिले सभापती, आणि १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष. आपल्या पोरांना हे सांगत जा.) त्यांच्यासाठी तीन महिन्यांतून एकदा पूर्ण साठची मॅच ठेवा, घड्याळ लावून, सगळ्या कमांड देऊन. ती मोजक्यांची असेल, असू द्या. पण दर महिन्याची मॅच सगळ्यांची असायला हवी.

आणि बक्षीस स्कोअरला देऊ नका, सुधारणेला द्या. प्रत्येकाच्या मागच्या तीन मॅचची सरासरी काढायची आणि आजचा स्कोअर त्या सरासरीच्या किती वर गेला ते बघायचं. समजा एकाची दोनशेपैकी सरासरी १४२ आहे आणि आज त्याने १५१ मारले, तर तो नऊने वर. तुमचा चॅम्पियन १८९ चा आहे आणि त्याने १९० मारले, तर तो एकने वर. पहिला नंबर १५१ वाल्याचा. कोणी लबाडी करून मुद्दाम कमी मारेल अशी शंका कार्यकारिणीत निघेलच, आमच्याकडेही निघाली होती. त्यावर सोपं उत्तर म्हणजे माणसाची वर्षभरातली जी सरासरी सगळ्यात चांगली, तीच धरायची. फलकावर पहिले तीन स्कोअर लावा आणि शेजारी पहिले तीन सुधारणेचे. बाकीच्यांचं कार्ड ज्याचं त्याच्या हातात द्या, मागे पेन्सिलने एक ओळ लिहून: ‘दुसऱ्या सिरीजला घाई झाली’, ‘ग्रुप छान, साइट दोन क्लिक उजवीकडे’. माणसं ती कार्डं जपून ठेवतात. ग्रुपवर पूर्ण यादी टाकणं आजपासून बंद करा, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

शेवटी अर्धा तास फायनल ठेवा. लेन सहा, म्हणून सहा जण निवडायचे, तीन स्कोअरवर आणि तीन सुधारणेवर. सगळ्यांचे आधीचे गुण पुसून शून्यापासून सुरुवात. ‘लोड, स्टार्ट’ म्हटलं की एकेकच शॉट. प्रत्येक शॉटनंतर कागद ओढून मोजायला वेळ जातो, म्हणून पाचच शॉट पुरेत. मागे बसलेल्यांनी मोठ्याने गुण वाचायचे, टाळ्या वाजवायच्या. मोठ्या स्पर्धांतही फायनल शून्यापासूनच सुरू होते, आणि म्हणून तर पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला आपण सगळे टीव्हीसमोर जागचे हललो नव्हतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पात्रता फेरीत ५९० गुणांनी सातवा आला होता. आठातला सातवा. फायनलला सगळ्यांची पाटी कोरी झाली आणि तो ४५१.४ गुणांनी कांस्य घेऊन उठला. तुमच्या सातव्या-आठव्या नंबरच्या माणसालाही महिन्यातून एकदा ती कोरी पाटी मिळू द्या. आमच्याकडे पहिल्या फायनलमध्ये एका किराणा दुकानदाराने राज्य स्पर्धा खेळलेल्या मुलाला पाच शॉटमध्ये हरवलं. ते दुकानदार पुढे तीन वर्षं एकही मॅच चुकले नाहीत, आणि तो मुलगा पुढच्या महिन्यात दहा मिनिटं आधी आला.

चहा-पोहे फायनलच्या आधी ठेवा, नंतर नाही, म्हणजे पहिल्या डिटेलची माणसं थांबतात. मात्र फायरिंग लाइनपासून लांब, आणि आधी साबणाने हात धुऊन. छर्रे शिशाचे असतात, लहान मुलं तीच बोटं तोंडात घालतात. नळाशी साबण नसेल तर पोहे देऊ नका, इतकं हे महत्त्वाचं आहे.

पन्नाशीपुढच्या सभासदांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण ती कोणी सांगत नाही. चाळिशी उलटली की पुढची साइट धूसर व्हायला लागते. माणसाला वाटतं हात थरथरतो, वय झालं, आता नको. खरं कारण डोळ्यात असतं. दोन नंबरांच्या चष्म्यातून साइट बघायला मान वर करावी लागते आणि सगळी बैठक बिघडते. त्यांना सांगा, पिस्तूल धरून हात लांब करा, डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर घरच्या कोणाकडून टेपने मोजून घ्या, आणि तेवढ्या अंतरासाठी एकाच नंबरची काच चष्मेवाल्याकडून करून घ्या. टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं, साइट धारदार दिसली पाहिजे. गुरुजींना मी हे दीड वर्ष उशिरा सांगितलं.

तारखांचं फार बोलत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा, गणपती, लग्नसराई, तुमच्याकडचा उसाचा हंगाम, सगळं दिनदर्शिकेवर लिहून घ्या आणि जानेवारीतच वर्षाच्या बारा तारखा जाहीर करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलं आली नाहीत तर ती गैरहजर धरू नका.

आता राहिले फोन. मेसेज नाही, फोन. रोज तीन केले तरी महिन्याच्या आत सगळे ६४ होतात, आणि कार्यकारिणीतल्या चौघांनी वाटून घेतले तर आठवड्यात. फोनवर ‘का आला नाहीत’ असं विचारू नका, त्याला उत्तर पाहुण्यांचंच मिळतं. ‘तुमचं काय अडतंय’ असं विचारा आणि मग गप्प राहा. दहा सेकंद तरी. खरं उत्तर त्या दहा सेकंदांनंतर येतं. वहीत लिहून घ्या, वाद घालू नका, स्पष्टीकरण देऊ नका. काही जणांचं उत्तर असेल की मुलगा पुण्याला शिकायला गेला, मी फक्त फी भरतोय. त्यांना सन्मानाने हितचिंतकांच्या यादीत घ्या. अशी नावं वेगळी काढलीत की मला वाटतं तुमचे खरे खेळणारे सभासद चाळीसच्या आसपास निघतील, आणि तुम्ही गेली काही वर्षं ६४ च्या आकड्याने स्वतःला उगाच छळून घेतलं असेल. चाळिसांतले अठरा-वीस मॅचला आले तर कुठल्याही तालुक्याच्या क्लबाने समाधानाने दार लावावं.

सहा महिने द्या या सगळ्याला. पहिल्या महिन्यात नऊच येतील कदाचित. त्या नऊ जणांचा रविवार चांगला जाऊ द्या, न आलेल्यांविषयी त्यांच्यासमोर एक शब्दही काढू नका. आलेल्या माणसाला न आलेल्याचा राग ऐकवायची चूक मी पुष्कळ वर्षं केली आहे.

आणि पहाटे पाचला एकट्याने झाडू नका. पहिल्या डिटेलच्या सहा जणांना सातला बोलवा, एकाच्या हातात झाडू द्या, एकाला पुली तपासू द्या, एकाला कार्डं लावू द्या. आपल्या हाताने लावलेल्या लेनवर माणूस निराळा उभा राहतो.

पुढच्या मॅचच्या आधीच्या शुक्रवारी हवेच्या मोठ्या सिलिंडरचा काटा बघा. तो १०० वर आला असेल तर बंदुकीच्या नळकांड्यातही शंभरच भरेल आणि तिसऱ्या डिटेलला बंदुका दम टाकतील, त्यामुळे शनिवारीच भरून आणा. नळकांड्यांवरच्या तारखाही त्याच वेळी वाचा, दहा वर्षं उलटली असतील तर ती बदलायची. डाव्या ग्रिपचं काम निघालं तर सुताराकडे जाताना जिच्यासाठी करायची तिला बरोबर न्या, माप तिच्याच हाताचं घ्यावं लागतं.

– तुमची ताई